विभक्ति एक, संबंध अनेक

इंग्रजीचीं शब्दयोगी अव्ययें मुलांस इतकीं कां अडखळवितात, असें पालक वारंवार विचारतात. वर्गांत आयुष्य घालविल्यावर माझें मत असें झालें आहे कीं, हा दोष मुलांच्या स्मरणशक्तीचा नसून शिकविण्याच्या रीतीचा आहे. 'आंत' म्हणजे 'इन' आणि 'वर' म्हणजे 'ऑन' अशा जोड्या पाठ करविल्या जातात. आणि जोडी पाठ झाली कीं मूल विचार करणें सोडून देतें.

मोहाच्या झाडावर पोपट बसतो आणि त्याच झाडावर फुलेंहि येतात. मराठींत दोन्हीकडे 'वर'. इंग्रजींत मात्र फुलांस 'ऑन' आणि पोपटास 'इन'. कारण फूल फांदीस जडलेलें असतें, तर पोपट फांद्यापानांच्या विस्तारांत असतो. वैनगंगेवर धुणें धुणारी बाई इंग्रजीच्या दृष्टीनें नदीपाशीं असते. तेथें 'ॲट' हवें. 'ऑन' म्हटल्यास डोळ्यांपुढें नाव उभी राहते.

'नें' हा प्रत्ययहि असाच फसवा आहे. 'गुराख्यानें काठीनें साप मारला' यांतील पहिला 'नें' कर्त्याचा, दुसरा करणाचा. याचें इंग्रजी कर्मणि वाक्य करतांना गुराख्यास 'बाय' व काठीस 'विथ' लागतें. 'पासून'चेंहि तसेंच. गडचिरोली जिल्हा १९८२ पासून वेगळा झाला, येथें आरंभाचा क्षण सांगावयाचा म्हणून 'सिन्स'. चाळीस वर्षांहून अधिक काळापासून वेगळा आहे, येथें काळाची लांबी सांगावयाची म्हणून 'फॉर'.

आपल्या घरांतील संस्कृताचा येथें मोठा उपयोग आहे. वैयाकरणांनीं अधिकरणाचे तीन प्रकार सांगितले आहेत: चटईवर बसणारा, तिळांत भरलेलें तेल आणि मोक्षाविषयीं इच्छा. संस्कृतांत तिन्ही ठिकाणीं सप्तमीच. परंतु पहिला संबंध स्पर्शाचा, दुसरा व्याप्तीचा, तिसरा विषयाचा. विभक्तीमागचा संबंध ओळखण्याची ही संवय ज्यास लागली, त्यास इंग्रजी अव्ययांचें भय उरत नाहीं.

हा केवळ परीक्षेतील गुणांचा प्रश्न नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यांत वननिवासी अनुसूचित जमातींची व्याख्या करतांना, मुख्यत्वें वनांत राहणारे आणि उपजीविकेसाठीं वनावर अवलंबून असणारे, असें म्हटलें आहे. मूळ इंग्रजींत एके ठिकाणीं 'इन', दुसऱ्या ठिकाणीं 'ऑन'. त्या 'इन'चा अर्थ 'वनाच्या हद्दीच्या आंत' एवढाच धरला, तर ज्यांचें घर वनाच्या कडेस पण चूल वनावर, अशीं कुटुंबें हक्कास मुकतील. प्रत्यक्ष वनाच्या आंत वस्ती नसली तरी उपजीविका वनावर असलेले लोकहि या व्याख्येंत येतात, असा खुलासा केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयास २००८ मध्यें करावा लागला. मोहफुलें व तेंदूपानें वेंचून संसार चालविणाऱ्या आमच्या भागांतील लोकांस त्या दोन अक्षरांची किंमत निराळी सांगावयास नको.

म्हणून मुलानें 'येथें कोणतें अव्यय?' असें विचारल्यास उत्तर सांगण्याची घाई करूं नये. 'या दोन वस्तूंचा परस्परांशीं संबंध काय?' असें उलट विचारावें. तें मुलास नीट सांगतां आलें, कीं अव्यय त्याचें त्यासच सांपडतें.