टाकी फुल्ल, वडोदरा दूर

बेळगावहून वडोदरा सुमारे नऊशे किलोमीटर. तिथं आप्पांची थोरली बहीण, म्हणजे आमची अक्काआत्या, राहते. तिच्याकडे जायचं ठरलं की आमच्या घरी बॅगांच्या आधी पेट्रोलचा हिशोब निघतो. महाराष्ट्रापेक्षा पेट्रोल कर्नाटकात थोडं स्वस्त, गुजरातेत आणखी स्वस्त. तेव्हा कोगनोळीच्या अलीकडे टाकी काठोकाठ भरायची आणि मधला अख्खा महाराष्ट्र एक थेंबही विकत न घेता ओलांडून वापी गाठायची, हे आप्पांचं जुनं स्वप्न.

टाकी ३७ लिटरची. एसी, पाच माणसं आणि डिकीतल्या लोणच्याच्या बरण्या धरून लिटरला १५, म्हणजे ५५५ किलोमीटर. कोगनोळी ते वापी पावणेसहाशेच्या घरात. गाडी मान टाकणार ती तलासरीच्या आसपास, गुजरात हाकेच्या अंतरावर असताना!

हे वीसेक किलोमीटर मिळवण्यासाठी आठवडाभर घरात संशोधन चालू आहे. पुतण्या म्हणतो, ट्रकच्या मागे चिकटून चला, वारा कमी लागतो. वारा कमी लागेल हे खरं, पण ट्रकवाल्यानं ब्रेक मारला की बाकी सगळंच लागेल. मेहुण्यांचा भरवसा खंडाळ्याच्या उतारावर : इंजिन बंद करायचं, गाडी आपोआप खोपोलीत. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारा जोरही जातो, हे त्यांना पटत नाही. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तर उतारावर पेट्रोल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये ते उलट जळत राहतं.

मी इतिहासाचा मास्तर, तेव्हा माझी भर अमेरिकेतून. डिसेंबर १९५८ मध्ये रॉबर्ट टिम आणि जॉन कुक यांनी लास व्हेगासहून एक छोटं सेसना विमान उडवलं आणि ते उतरले थेट फेब्रुवारी १९५९ मध्ये. ६४ दिवस, २२ तास, १९ मिनिटं! सरळ रस्त्यावर खालून ट्रक धावायचा, वरून विमान अगदी खाली यायचं आणि नळीनं इंधन वर चढायचं. आपल्याकडे हे जमवायचं तर पंपावरचा पोरगा नळी घेऊन साताऱ्यापर्यंत गाडीबरोबर पळणार आणि धापा टाकत म्हणणार, "साहेब, झिरो बघा!"

सौ. माहेरची धारवाडची. ती एवढंच म्हणाली, "निधान होगोण्री." कन्नडात निधान म्हणजे सावकाश, मराठीत निधान म्हणजे ठेवा. शंभरावर गाडीला होणारा वाऱ्याचा विरोध ऐंशीच्या दीडपटीहून जास्त असतो. म्हणजे ऐंशीनं गेलो तर वापी आरामात गाठता येईल. आठवडाभरात कामाची सूचना ही एकच.

ती आप्पांनी मोडीत काढली. अक्का हल्ली आठ वाजता झोपते. फोनवर तीच तीच गोष्ट तीनदा विचारते, मुलांची नावं चुकते, पण आप्पांचा आवाज ऐकला की लहानपणीच्या गल्लीतलं कन्नड सुरू होतं. त्या घरात ते समजणारं दुसरं कोणी नाही.

"पेट्रोल कुठंही भर रे," आप्पा म्हणाले, "पुण्यात भर, पनवेलला भर. आठच्या आत पोचव."

पहाटे तीनला निघायचं ठरलंय. टाकी दोनदा भरणार आहोत.