मोटर आमच्याही घरात होती

सोलापुरात दोन माणसे भेटली की सलाम-दुआनंतर पहिला प्रश्न असतो, 'तुमच्याकडे पाणी कधी आले?' उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात, भीमेवर. तिथून शंभराहून अधिक किलोमीटरच्या पाइपलाइनने पाणी शहरात येते. टाकळीहून येते, हिप्परगा तलावातूनही येते. तरी कित्येक वर्षे आम्ही चौथ्या-पाचव्या दिवशी नळाची वाट पाहत आलो. घरात टाकी, टाकीशेजारी पिंप, पिंपाशेजारी घागरी, आणि पाणी सुटायच्या रात्री घरातले कुणीतरी जागे, अशी आमची राहणी.

इशाच्या नमाजनंतर गल्लीच्या तोंडाशी चहाच्या गाड्यावर यावर रोज वाद रंगतो. समांतर जलवाहिनी, कोणत्या पक्षाने काय आश्वासन दिले, आपल्या मोहल्ल्याची पाळी नेहमी रात्रीच का. 2022 च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा 'आता विचारायचे तरी कुणाला?' या प्रश्नावर कितीतरी रात्री गेल्या. आम्हीही हिरिरीने बोलायचो. शिक्षक म्हटल्यावर लोक ऐकूनही घेतात.

एका डिसेंबरात शाळेत 12 जानेवारीच्या भाषणांची तयारी चालू होती. 1931 साली त्या दिवशी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन यांच्यावरचे भाषण आठवीतल्या एका हुशार मुलीला दिले होते. तिची पाळी आली, तेव्हा ती बाकावर डोके टेकून गाढ झोपली होती. आम्ही रागावलो.

'रात्री पाणी होते, सर,' ती म्हणाली.

'पाणी तर सगळ्यांकडेच होते.'

'तुमच्याकडे होते, सर. आमच्या नळाला तीन वाजेपर्यंत नुसती हवा येत होती. मग बारीक धार सुटली. भरता भरता फजरची अजान झाली.'

ती आमच्याच गल्लीतली. शेवटचे घर. आई विड्या वळते, आजी अंथरुणाला खिळायच्या बेतात. आमचे घर गल्लीत तिसरे. आमच्या नळाला थेट मोटर जोडलेली. पहिल्या-दुसऱ्या घरातही तीच तऱ्हा. आधी एकाने लावली, म्हणून दुसऱ्याने, म्हणून आम्ही. नळाला लावलेली मोटर पाइपातले पाणी आपल्याकडे ओढते, पुढचा दाब पडतो आणि शेवटच्या नळापर्यंत काही उरत नाही. शिवाय पाइपाला कुठे गळती असेल, तर त्या ओढीने शेजारच्या गटाराचे पाणीही आत येते. हे सगळे आम्हाला ठाऊक होते. शेजारी उपाशी असताना स्वतः पोटभर जेवणाऱ्याबद्दलची हदीस आम्ही मुलांना समजावून सांगतो. तहानलेल्या शेजाऱ्याचा विचार मात्र कधी मनात आला नाही.

त्या रात्री गाड्यावर आम्ही मोटरचा विषय काढला. एरवी एकमेकांचे बोलणे तोडणारी माणसे एकदम गप्प झाली. मग एकेक बोलू लागले. 'आधी रोज पाणी द्या म्हणावे, मग मोटर काढतो.' 'आमचे घर दुसऱ्या मजल्यावर, मोटरशिवाय पाणी चढणार कसे?' 'तुम्ही काढाल सर, पण समोरचा काढेल का?' यातले एकही बोलणे खोटे नव्हते, म्हणून उत्तर देणे अवघड होते. पाणी सोडणारा चावीवाला तिथेच चहा पीत होता. तो म्हणाला, 'व्हॉल्व्ह मी सगळ्यांसाठी सारखाच उघडतो. पहिल्या दहा घरांत मोटरी सुरू झाल्या की मागच्यांना मी कुठून देऊ?'

एव्हाना त्या मुलीची आजी काठी टेकत ओट्यापर्यंत आली होती. ती एवढेच म्हणाली, 'बाबा, मोटर तुमारी, प्यास हमारी.'

आपसांतले व्यवहार मशवऱ्याने व्हावेत, ही कुरआनची शिकवण. एका सूरहचे नावच शूरा आहे. पण आमच्या मशवऱ्यात पाणी भरणाऱ्या बायका कधीच नव्हत्या. पुढची बैठक म्हणून जुम्म्याच्या दुपारी आमच्या ओट्यावर झाली. बायका बोलल्या आणि मार्गही त्यांनीच काढला. ज्यांच्याकडे हौद आहे, त्यांनी मोटर हौदावर लावायची, नळावर नाही. ज्यांच्याकडे हौद नाही, त्यांनी पाणी सुटल्यावर पहिला तास मोटर चालू करायची नाही. गल्लीतल्या चौदा घरांपैकी नऊ जणांनी लगेच मान्य केले, दोघांनी नंतर. तीन घरे अजून ऐकत नाहीत. त्यांच्याशी भांडायचे नाही, सलाम तोडायचा नाही, पण विषयही सोडायचा नाही, असे ठरले.

आम्ही मोटर काढली त्या पहिल्या रात्री टाकी अर्धीच भरली. आमच्या अम्मी चिडल्या. 'लोकांसाठी घर कोरडे ठेवतोस का?' म्हणाल्या. चार-पाच पाळ्या गेल्यावर त्यांचा राग उतरला. आता वुजूला तांब्या भरून घेतात, नळ सोडत नाहीत.

रोज पाणी मिळणे हा शहराचा हक्क आहे आणि तो मागायचे आम्ही सोडलेले नाही. गाड्यावरचा वादही तसाच चालू आहे. फरक एवढाच, की अर्ज लिहायला बसलो की आता मागच्या घरांच्याही सह्या घ्यायला जातो. पूर्वी आमच्याच गल्लीत त्या सह्या मागायची आम्हाला लाज वाटली असती.

12 जानेवारीला त्या मुलीने भाषण केले. मध्ये एक तारीख चुकली, तिची तिनेच सुधारली. खाली उतरल्यावर आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, 'सर, काल बारालाच भरून झाले. झोप झाली.'