चार नंबर

रिपोर्ट लिहिणं हे माझं रोजचंच काम, त्यात सांगण्यासारखं काय असणार! पण एका रिपोर्टाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

२०२३च्या मे महिन्यातली गोष्ट. तीन महिन्यांचं बाळ सीटी स्कॅनला आलं. वरच्या ओठातून निघालेली फट नाकपुडीच्या बाजूने, गालातून थेट खालच्या पापणीपर्यंत गेलेली. दुभंगलेले ओठ मी पुष्कळ पाहिलेत, पण अशी फट क्वचितच. सोबत आई आणि तिच्या सासूबाई. आई काहीच बोलत नव्हती. सासूबाईच म्हणाल्या, "दिवाळीत ग्रहण होतं ना डॉक्टर, हिनं सुरी हातात धरली. मी नको नको म्हणत होते." २५ ऑक्टोबर २०२२चं खंडग्रास सूर्यग्रहण! आई खाली मान घालून दुपट्याचं टोक पिळत राहिली.

बाळाला पाजलं, दुपट्यात घट्ट गुंडाळलं आणि झोपलं तसं मशीनवर ठेवलं. भूल द्यावी लागली नाही. मिलिमीटरहून पातळ काप एकावर एक रचून कॉम्प्युटरने कवटी उभी केली आणि मी ती पडद्यावर फिरवत बसले.

चेहऱ्यावरच्या अशा फटींना आकडे द्यायची पद्धत पॉल टेसिए या फ्रेंच सर्जनने १९७६ साली मांडली. डोळ्याची खोबण मध्याला धरायची आणि तिच्याभोवती घड्याळासारखे ० ते १४ आकडे. खालचे चेहऱ्याचे, वरचे कपाळाचे. माझ्यापुढे प्रश्न होता, चार की पाच? डोळ्याखालच्या हाडाला एक बारीक छिद्र असतं, त्यातून नस बाहेर येते. फट त्याच्या नाकाकडून गेली तर चार, कानाकडून गेली तर पाच. इथे नाकाकडून होती. शिवाय खोबणीच्या तळालाही खाच होती, बाहेरून न दिसणारी. सर्जनला नेमकं हेच हवं असतं. मी लिहिलं, 'टेसिए क्रमांक ४, डावी बाजू'.

खरं तर माझं काम इथे संपलं. पण त्या दिवशी उठवेना. दोघींना आत बोलावलं.

"ताई, ग्रहणाच्या वेळी कितवा महिना होता?"

"सहावा लागला होता."

"चेहऱ्याचे भाग चौथ्या ते आठव्या आठवड्यात जुळतात. म्हणजे ग्रहणाच्या कितीतरी आधी हा चेहरा घडून झाला होता."

"मग झालं कशानं?" सासूबाईंनी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही, आजी. पण सुरीनं नाही, एवढं नक्की."

आईने पहिल्यांदाच पडद्याकडे पाहिलं. "भरून येईल का हे?"

एकापेक्षा जास्त ऑपरेशनं लागतील, सर्जन नीट सांगतील, असं म्हटलं. तोवर पापणी पुरती मिटत नाही, डोळा कोरडा पडू देऊ नका, औषध वेळेवर घाला, हेही बजावलं.

आजी काही बोलल्या नाहीत. निघताना मात्र त्यांनी हात पुढे केले, "दे इकडं त्याला. तू पाणी पी जरा."

तेव्हापासून असा रिपोर्ट असला की मी आईला आत बोलावते. पाच मिनिटं जातात, बाहेर रांग कुरकुरते. असो.