ॲबिंग्डनची यात्रा

काशीस जावें, रामेश्वरास जावें, निदान पंढरीस तरी जावें, असें मानणाऱ्या आमच्या घराण्यांतील एक निवृत्त शिक्षक वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं एका मोटारीच्या जन्मगांवाची यात्रा करील, असें कोणी सांगितलें असतें तर आमच्या आजोबांनीं तें खचित खरें मानलें नसतें. परंतु गेल्या भाद्रपदांत तसें घडलें खरें.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त इंग्लंडांत टेम्स नदीकांठच्या रेडिंग शहरीं राहतो. त्याच्याजवळ एम. जी. बी. नांवाची, दोन आसनांची, कापडी छताची, १९७२ सालीं बांधलेली मोटार आहे. पुष्कळ लोक अशी मोटार हौसेखातर बाळगतात आणि ऊन पडलें म्हणजे बाहेर काढतात. आमचे चिरंजीव मात्र रोज तींतूनच कचेरीस जातात. मी निघालों तेव्हां वहिनींनीं बजावून सांगितलें, "भावजी, तुमचा शब्द तो मोडणार नाहीं. तें डबडें विकायला लावल्याशिवाय परत येऊं नका. आतां घरांत लेंकरूं येणार आहे." सूनबाईंना सहावा महिना लागला होता. वहिनींचें म्हणणें मलाही पटलें होतें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

पहिल्याच रविवारीं सकाळीं स्नान आटोपून अंगणांत आलों, तों पुतण्याचे दोन पाय तेवढे मोटारीखालून बाहेर दिसत होते. हा त्याचा साप्ताहिक नित्यनेम. प्रथम इंजिनाचें तेल व पाणी पाहावयाचें. मग दोन्ही कार्बुरेटरांच्या शिरावरील टोपणें उघडून आंत पातळ तेलाचे थेंब सोडावयाचे. दर तीन हजार मैलांनीं पुढल्या चाकांच्या खुंट्यांना ग्रीस भरावयाचें आणि झडपांची फट मोजावयाची. ही फट ०.०१५ इंच असावी लागते. ती कमी झाली तर झडप नीट मिटत नाहीं, वाढली तर खडखड करते. पातळ पोलादी पट्टी त्या फटींतून ओढून तो म्हणाला, "काका, लोण्यांतून सुरी ओढल्यासारखी ही गेली पाहिजे. ना सैल, ना घट्ट." लघु आणि गुरु उच्चारांतील भेद मुलांच्या कानांवर बिंबविण्यांत माझें आयुष्य गेलें, ही पट्टीची परीक्षा मला परकी वाटली नाहीं.

या मोटारीचा खरा शत्रु गंज होय. तिला निराळा सांगाडा नाहीं. दारांखालील पोकळ पोलादी पेट्याच सारा भार वाहतात. त्या आंतून कुजल्या कीं मोटार कमरेंत वांकते आणि दारें बसेनाशीं होतात. हिंवाळ्यांत तेथें बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि तें मीठ या पेट्यांना खातें. दुसरी अडचण इंधनाची. २००० सालापासून तेथें शिसें घातलेलें पेट्रोल बंद झालें. त्या शिशामुळें झडपांच्या बैठका झिजत नसत; म्हणून जुन्या इंजिनांत कठीण धातूच्या बैठका बसवाव्या लागल्या. पुढें २०२१ च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलांत शेंकडा दहापर्यंत इथेनॉल मिसळूं लागले. तें जुन्या रबरी नळ्यांना बाधतें. पुतण्यानें नळ्या बदलल्या आहेत, आणि शिवाय तो शेंकडा पांचपर्यंत मिश्रणाचें महागडें पेट्रोलच घालतो. चाळीस वर्षांवरील मोटारीस २०१८ पासून तेथें वार्षिक तपासणीची सक्ती नाहीं. तरी तो ती दरसाल करवितो. "सूट सरकारनें दिली, ब्रेकांनीं दिलेली नाहीं," हें त्याचें उत्तर.

मी मनाशीं म्हटलें, इतके सायास करावयाचे तर ती रोज वापरावी कशाला? हाच प्रश्न मी त्यास केला. तो म्हणाला, "काका, उभी मोटार अधिक लवकर मरते. रबर सुकतें, ब्रेक धरून बसतात, टांकींत ओल सांठते. शिवाय रोज चालविली कीं तिचा आवाज कानाला ओळखीचा होतो. कांहीं बिघडूं लागलें तर ती आधीं सांगते."

पुढल्या रविवारीं आम्ही दोघे ॲबिंग्डनला निघालों. मोटार इतकी ठेंगणी कीं तींत बसणें म्हणजे पाटावर बसण्यासारखेंच. वॉलिंगफर्डपर्यंत प्रवास सुखाचा झाला. कापणी झालेलीं शेतें आणि मधून मधून दिसणारी टेम्स पाहतां पाहतां वहिनींचा निरोप कोणत्या शब्दांनीं काढावा याचा मी विचार करीत होतों. इतक्यांत इंजिन दोनदां अडखळलें आणि बंद पडलें.

पुतण्या घाबरला नाहीं. किल्ली फिरवून तो कान देऊन बसला. "मागचा पेट्रोलचा पंप टिकटिक करीत नाहीं," तो म्हणाला. मग पाना घेऊन मागल्या उजव्या चाकाजवळ रस्त्यावर आडवा झाला आणि त्या पंपाला पान्याच्या दांड्यानें दोन हलक्या टिचक्या मारल्या. लगेच टिकटिक सुरू झाली! त्या पंपांत विजेचे दोन संपर्कबिंदु असतात. वापरानें ते जळतात व चिकटतात. दोष कारागिराचा नव्हे, वयाचा. दहा मिनिटांत आम्ही मार्गस्थ झालों. परंतु त्या दहा मिनिटांत शेजारून भरधांव जाणाऱ्या मोठमोठ्या मालमोटारी पाहून माझ्या पोटांत गोळा उठला, तो वहिनींच्या बाजूनें बोलूं लागला.

क्लिफ्टन हॅम्पडन व कल्हम हीं गांवें मागें टाकून १४१६ सालच्या दगडी पुलावरून आम्ही ॲबिंग्डनांत शिरलों. गांव टुमदार व अतिशय जुनें. येथें मोठा मठ होता. आठव्या हेन्रीच्या अमदानींत, १५३८ सालीं, तो बुडाला. सेंट हेलेनचें देऊळ लांबीपेक्षां रुंदीला अधिक आहे. चौकांत सतराव्या शतकांतील 'काउंटी हॉल' ही भव्य इमारत उभी आहे. राज्याभिषेकासारख्या प्रसंगीं तिच्या गच्चीवरून नगरसेवक खालच्या जमावावर गोड पाव फेंकतात, हें ऐकून मला आमच्याकडील दहींकाल्याचा प्रसाद आठवला.

ऑक्सफर्डमध्यें सायकली दुरुस्त करून पुढें लॉर्ड नफील्ड झालेले विल्यम मॉरिस यांची 'मॉरिस गॅरेजेस' ही पेढी होती. तिचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनीं साध्या मोटारींवर ठेंगणीं, डौलदार कलेवरें चढवून विकण्यास आरंभ केला. त्या पेढीचीं आद्याक्षरें तेंच एम. जी. हें नांव. १९२९ सालीं हा कारखाना ॲबिंग्डनास आला आणि १९८० च्या ऑक्टोबरांत बंद झाला. एम. जी. बी. येथें १९६२ पासून अखेरपर्यंत होत होती. अशा मोटारी पांच लाखांवर निघाल्या. आज त्याच नांवाच्या मोटारी गुजरातेंत हलोल येथेंही तयार होतात. नांव राहिलें, गांव सुटलें. काउंटी हॉलमधील संग्रहालयांत येथील शेवटच्या दिवसांतील एक एम. जी. बी. ठेवली आहे. ती स्वच्छ आहे, निर्दोष आहे. पण तिचा पंप टिकटिक करीत नाहीं.

नदीकांठीं बसून डबा सोडला तेव्हां मी विषय काढला. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन यवन राजास विचारतो, कीं आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय? "तुझ्या मोटारीचें इंजिन नव्यानें बांधलेलें, तळ नवा, पेट्या नव्या. मग १९७२ चें उरलें तरी काय?"

त्यानें समोरच्या खणांतून एक मळकी वही काढून दिली. तींत तिघां मालकांचीं तीन हस्ताक्षरें होतीं. कोणत्या तारखेस तेल बदललें, कोणत्या मैलाला ब्रेक बदलले, सारें लिहिलेलें. चौथें अक्षर आमच्या पुतण्याचें. जीर्ण पोथी उतरून घेणाऱ्या लेखकूंची मला आठवण झाली. कागद नवा, शाई नवी, पोथी तीच. तरीही मी म्हटलें, "पोथींत बसून लहान मूल रस्त्यानें जात नाहीं." तो बराच वेळ गप्प बसला.

घरीं आल्यावर निवाडा सूनबाईंनींच केला. "काका, ती विकूं नये असें मलाही वाटतें. पण बाळ तींत बसणार नाहीं, आणि मिठाच्या दिवसांत यांनींही ती रस्त्यावर नेऊं नये." दुसऱ्याच आठवड्यांत चार दारांची एक जुनीच साधी गाडी घेतली गेली. त्या संध्याकाळीं पुतण्या बारीक पॉलिश कागदानें पंपाचे बिंदु घासत होता आणि मी विजेरी धरून उभा होतों.

वहिनींना पत्र लिहिलें, कीं मोटार विकली नाहीं, परंतु आपलें काम झालें आहे. त्यांचें उत्तर आलें, "भावजी, तुम्हांस पाठविलें हीच चूक झाली." पौषांत नात झाली. ती दवाखान्यांतून घरीं आली तेव्हां जुनी मोटार आच्छादनाखाली विसावली होती. फाल्गुनांत पुतण्याचें पत्र आलें. रस्ते धुवून निघाले आहेत, मोटार पुन्हां कचेरीस जाऊं लागली आहे, आणि नवा पंप बसविल्याची नोंद वहींत केली आहे.