परवानगी नाकारण्यात आली आहे

बँकेत वीस वर्षं काढली की माणसाला 'नाही' म्हणण्याचे निदान चाळीस प्रकार येऊ लागतात. 'सही जुळत नाही', 'साहेब जेवायला गेलेत', 'हे ह्या खिडकीवर नाही', 'जोडपत्र ब कुठाय?' आणि काहीच सुचलं नाही तर 'सर्व्हर डाऊन आहे'. हे शेवटचं म्हणजे ब्रह्मास्त्र. ह्यापुढे रागीटातला रागीट पेन्शनरही मुकाट्याने छत्री उचलून चालू लागतो. पण ह्या चाळिसांत एकही असा नाही की ज्यात दोन शब्दांत विषय संपतो. ती कला लिनक्सकडे आहे. 'परमिशन डिनाइड.' बस्स! का, कशासाठी, कुणाला भेटायचं, उद्या येऊ का, काही नाही. आमच्या शाखेत असा एखादा कारकून असता तर त्याला आम्ही खांद्यावर घेऊन मिरवलं असतं.

आता माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाचा आणि लिनक्सचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध वडिलोपार्जित आहे. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक लॅपटॉप घरात होता. वजन जात्याएवढं, आवाजही साधारण तसाच. अण्णा गेल्यावर तो चार वर्षं कपाटावर पडून होता. २०२५च्या ऑक्टोबरात विंडोज दहाचा पाठिंबा संपला, आणि घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला विंडोज अकरा घ्यायला सांगितलं तर तो म्हणाला, माझी तेवढी ऐपत नाही. तेव्हा भाचेबुवांची नजर कपाटावर गेली. भाचेबुवा इंजिनियरिंगला आहेत. "मामा, ह्याच्यावर डेव्हुआन टाकतो. सिस्टमडीशिवाय!" हे 'शिवाय' त्याने अशा स्वरात उच्चारलं, की आमच्या सौ.ला वाटलं, कांदा-लसणाशिवाय.

हा सिस्टमडी काय प्रकार आहे ते मी नंतर समजून घेतलं. कॉम्प्युटर सुरू झाला की आत सगळ्यात आधी एक इसम कामावर हजर होतो. त्याचा बिल्ला नंबर एक. बाकी सगळ्यांना कामाला लावायचं, कुणी निपचित पडला तर बघायचं, संध्याकाळी दिवे मालवायचे, हे त्याचं काम. म्हणजे आमच्याकडचा जुना हेड शिपाईच. पूर्वी हा इसम साधा होता. एका फडताळात प्रत्येक खात्यासाठी एकेक चिठ्ठी, तीत काय करायचं ते लिहिलेलं, तो ती वाचून दाखवी आणि बाजूला उभा राही. २०१०मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स ह्या दोघांनी सिस्टमडी आणला. हा गडी भारी हुशार. सगळ्यांना एकदम उठवतो, त्यामुळे कचेरी लवकर उघडते. पण हळूहळू त्याने हजेरीपट, आवक-जावक, दारावरचा पहारा, सगळंच आपल्याकडे घेतलं. आणि रोजकीर्दही अशा लिपीत लिहू लागला की ती वाचायची तर त्याच्याच मार्फत वाचावी लागते. कारकुनाला हे शेवटचं फार लागतं. खातेवही ज्याची त्याला नुसत्या डोळ्यांनी वाचता आली पाहिजे, एवढ्या एका मुद्द्यावर मी सनातनी आहे.

डेबियन नावाची जी मोठी लिनक्स मंडळी आहेत, त्यांच्या तांत्रिक समितीत २०१४च्या फेब्रुवारीत ह्यावर मतदान झालं. समान मतं पडली. अध्यक्षांनी निर्णायक मत सिस्टमडीच्या पारड्यात टाकलं. ज्याने हाउसिंग सोसायटीची एक तरी सर्वसाधारण सभा पाहिली आहे, त्याला पुढे काय झालं हे सांगायला नको. त्याच वर्षी नोव्हेंबरात नाराज मंडळींनी वेगळी चूल जाहीर केली, तिचं नाव डेव्हुआन. आणि २०१७च्या मे महिन्यात त्या चुलीवरचा पहिला पक्का स्वयंपाक खाली उतरला. मूळ घराण्यात आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या खेळण्यांची नावं देतात. ह्यांनी लघुग्रहांची दिली. भांडण झाल्यावर माणूस एकदम आकाशाकडे बघतो, तसं.

तर हे आमच्या डायनिंग टेबलावर आलं. पहिले आठ दिवस बरे गेले. मी सोसायटीचा खजिनदार. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, त्याआधी पुरते चौदा दिवस नोटीस, हा कायदा. आणि हिशेबपत्रकं पेनड्राइव्हवर. आदल्या रात्री भाचेबुवांना एक सॉफ्टवेअर हवं होतं, ते डेव्हुआनच्या कोठारात सापडेना. म्हणून त्यांनी कोठारांच्या यादीत डेबियनच्या कोठाराचीही एक ओळ घालून दिली. घरात एक रेशनकार्ड असताना भावाच्या घरच्या कार्डावर साखर उचलण्याचा हा प्रकार. पॅकेज म्हणजे नुसतं पॅकेज नसतं. त्याला दुसरं एक लागतं, त्या दुसऱ्याला तिसरं, आणि तिसरं म्हणतं, चौथं घरात असेल तर मी पाऊल टाकणार नाही. लग्नाच्या याद्या केलेल्या माणसाला हे नवीन नाही. त्या रात्री साखरेबरोबर सिस्टमडी घरात आला, आणि त्याचं ज्याच्याशी पटत नाही तो एलोगिंड नावाचा सज्जन बाहेर गेला. मशीनने तसं विचारलं होतं बरं का. लांबलचक यादी दाखवून 'पुढे जाऊ?' असं विचारलं, आणि भाचेबुवांनी, लोक बँकेच्या फॉर्मवर सही करतात तितक्याच बारकाईने वाचून, होकार भरला.

सकाळी मी पेनड्राइव्ह खुपसला. 'आपण अधिकृत नाही.' माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या पेनड्राइव्हला!

कारण कळल्यावर मला बरंच समाधान वाटलं, कारण ते अगदी आमच्या खात्यासारखं निघालं. समोर बसलेला माणूस खरोखरच समोर बसला आहे, कुठून तारेवरून बोलत नाही, ह्याचा दाखला देण्याचं काम एलोगिंडचं. तो गेला. ते काम सिस्टमडीने करायचं, पण त्याला नुसतं नेमणूकपत्र मिळालं होतं. बिल्ला नंबर एक अजून जुन्या इसमाकडेच होता, त्यामुळे नव्याने चार्जच घेतला नव्हता. अशा अवस्थेत शाखेत एकही चेक पास होत नाही, मग पेनड्राइव्ह कसा होणार?

उपाय शोधायला जावं तर जगातला जो तो सल्ला 'सिस्टमसीटीएल' ह्या शब्दाने सुरू होतो, आणि आमच्याकडे तो शब्द उच्चारून काही हालत नाही. शेवटी शिस्तीत गेलो. ती परकी ओळ काढली, यादी ताजी केली, सिस्टमडीला निरोप दिला, एलोगिंड आणि त्याचा लॉगिनवाला जोडीदार परत बोलावला. मध्येच वीज गेली. आल्यावर मशीन म्हणतं, पॅकेजचं काम अर्धवट राहिलंय, आधी ते निस्तरा. 'डीपीकेजी, कॉन्फिगर, सगळं' एवढी आज्ञा दिल्यावर त्याने जिथे सोडलं होतं तिथून मुकाट्याने उचललं. आमच्याकडे वीज गेल्यावर अर्धवट राहिलेलं पासबुक तसं कधी पुढे छापलं जात नाही. ह्या सगळ्या गंभीर कारभारात एक गंमत आहे. 'एपीटी-गेट मू' असं लिहिलं की पडद्यावर एक गाय येते आणि विचारते, आज हंबरलात का? मी तोवर दोनदा हंबरलो होतो.

"अहो, बँकेत लोकांच्या शिव्या खाता तेवढ्या पुरत नाहीत का?" सौ. म्हणाली.

पेनड्राइव्ह उघडला, तर प्रिंटर जोडायला परवानगी नाही. त्यासाठी माझं नाव एका गटात घालायला हवं होतं. भाचेबुवांनी आज्ञा ठोकली आणि तीत एक छोटा 'ए' राहिला. तो 'ए' असला तर माणूस जुन्या गटांत राहून नव्यात जातो. नसला तर नव्या गटात जातो आणि बाकी सगळ्यांतून उडतो. बदलीच्या हुकमात 'अतिरिक्त कार्यभार' हे दोन शब्द राहिले तर काय होतं, ते मला माहीत आहे. मी एका क्षणात प्रिंटरचा कारभारी झालो आणि आवाज, चित्र, वरिष्ठांचे अधिकार, सगळ्याला मुकलो. सुडो म्हणाला, हे गृहस्थ यादीत नाहीत.

मग रूटचा पासवर्ड काढला. 'एसयू' केलं, रूट झालो, आणि साधी गटबदलीची आज्ञा दिली, तर 'अशी आज्ञा सापडत नाही'! हा एक मौजेचा प्रकार आहे. नुसतं 'एसयू' म्हटलं की साहेबाची खुर्ची मिळते, पण साहेबाच्या कपाटाचा पत्ता मिळत नाही. त्यापुढे एक आडवी रेघ मारायची, मग पत्त्यासकट साहेब होता येतं. डेबियनमध्ये २०१९पासून असं आहे. एका रेघेवर माणसाचं मोठेपण अडावं, ह्यात आमच्या खात्याला नवल नाही.

शेजारचे काका नाटकाच्या मध्यंतरात यावं तसे डोकावून गेले आणि म्हणाले, "सरळ सगळ्याला सात-सात-सात मारून टाक." ह्या आकड्यांत मात्र माझा जीव रमला. वाचायला चार, लिहायला दोन, चालवायला एक, बेरीज सात. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा गावाचा. सात-सात-सात म्हणजे तिजोरी उघडी टाकून वर पाणपोई लावणं. शिवाय असं सरसकट मारलं की सुडोच्या अंगावरचा खास बिल्लाही गळून पडतो आणि तोच संपावर जातो. काकांना चहा दिला.

नोटीस छापली, फलकावर लावली. मग रात्री, सगळं निजल्यावर, मी जुन्या कप्प्यात गेलो. भाच्याने सगळं नव्याने घातलं तरी घरगुती फायलींचा कप्पा तसाच ठेवला होता. त्यात दोन फोल्डर, एक भाच्याचं, एक अण्णांचं. भाच्याचं फोल्डर मी हात लावताच उघडलं. मशीनला नावं ठाऊक नसतात, नंबर ठाऊक असतात. जुन्या व्यवस्थेत भाचा होता एक हजार, अण्णा एक हजार एक. नव्या व्यवस्थेत एक हजार मी. म्हणजे भाच्याची सगळी इस्टेट, बारावीची खरी मार्कलिस्ट धरून, रातोरात माझ्या नावावर झाली होती. सकाळी त्याला हे सांगितल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आणि अण्णांचं फोल्डर? मालकाच्या रकान्यात नावच नाही. नुसतं १००१. परमिशन डिनाइड.

मयत खातेदारांचं टेबल माझ्याकडे सहा वर्षं होतं. मृत्यूचा दाखला, वारसांच्या सह्या, जामीनदार, स्टॅम्पपेपर, हे सगळं मी लोकांकडून काढून घेतलेलं आहे. इथे एका ओळीत सगळी मालकी बदलता येत होती. साक्षीदारसुद्धा नको. भाचा म्हणाला, "मामा, चाउन करून टाकू, दोन सेकंदांचं काम."

मी नाही म्हटलं. त्याऐवजी त्याच्याकडून, एक हजार एक नंबर देऊन, अण्णांच्या नावाचं खातं उघडून घेतलं. मयत माणसाचं नवं खातं! बँकेत कुणी हे करताना मला सापडला असता तर मी त्याला घरी पाठवला असता. पण यादी पुन्हा काढली, तर १००१च्या जागी 'अण्णा' आलं. मग फोल्डरला सात-पाच-शून्य दिलं आणि मला अण्णांच्या गटात घेतलं. ह्या वेळी 'ए' लावून. बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं, कारण गटाची नोंद त्याशिवाय लागू होत नाही.

आत हिशेब होते. दूध, पेपर, इस्त्री, पै-पैचे. आणि 'उसने' नावाची एक फाइल. त्यात माझंही पान होतं. स्कूटरसाठी दिले १५,०००. परत ९,०००. बाकी ६,०००.

ते सहा हजार मी पाडव्याला रोख दिले होते. मला स्वच्छ आठवतं, पाकिटावर कुंकू लावून दिले होते. मी नोंद करायला गेलो. फाइल फक्त वाचण्यासाठी आहे, असं उत्तर आलं.

"पावती आहे का?" मागून सौ.ने विचारलं.

पाचात लिहिण्याचे दोन नसतात. मी फाइल बंद केली. बाकी पुढे ओढली आहे.