धाकटीची सीट

लातूरला दोन वर्षं घासून धाकटीला पहिल्या फेरीत एमबीबीएस लागलं, पण गोंदियाचं सरकारी. २०२० साली ७०:३० चं सूत्र रद्द झालं नसतं, तर मराठवाड्याच्या पोरीला विदर्भातल्या फक्त ३० टक्क्यांत घुसावं लागलं असतं. घरी मात्र वेगळाच घोळ! ‘स्टेटस रिटेन्शन’चा फॉर्म भरला की सीट पक्की, पुढच्या फेऱ्या बंद. नाही भरला अन् दुसऱ्या फेरीत नांदेड लागलं, तर गोंदिया आपोआप रद्द. आई म्हणे, "थांबू की. विष्णुपुरीतच दादा आहे, डोळ्यासमोर राहील." मीही होस्टेलवर कटऑफ चाळत बसलो. रात्री धाकटीचा फोन. "फॉर्म भरला. दोन वर्षं वाटच बघतेय. गोंदियाला गाडी कुठून असते, तेवढं बघ."