हिरवळीचं पाणी मोजताना

पावसाळ्यात कोल्हापुरात पाण्याची पातळी सगळ्यांच्या तोंडी असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर आली की इशारा, 43 फुटांवर धोका, हे शाळकरी पोरंही सांगतात. पण घरापुढच्या हिरवळीला रोज किती पाणी लागतं, याचा मला काहीच अंदाज नव्हता.

कळंब्याच्या बाजूला आम्ही घर घेतलं, तेव्हा हिरवळ आणि तिच्यात पुरलेले स्प्रिंकलर तयारच मिळाले. भिंतीवर टायमरचा डबा, जमिनीत हिरव्या झाकणांच्या पेट्या, पहाटे गवतातून वर येणारी काळी नळकांडी. कुठल्या बटणानं काय होतं, काही कळेना. एका कोपऱ्यात गवत पिवळं पडलेलं आणि दुसरीकडे पाणी वाहत रस्त्यावर जाणारं.

मामांची कागलकडे ठिबकवर ऊसशेती आहे. ते आले आणि म्हणाले, "टायमर राहू दे गं. पाणी कुठनं निघतंय आणि कुठं संपतंय, तेवढं आधी बघ."

तसं बघत गेले आणि गुंता सुटायला लागला. बोअरचं पाणी खालच्या टाकीत, तिथून मोटर, मग फिल्टर, मग मुख्य पाइप. त्या हिरव्या झाकणांखाली व्हॉल्व्ह होते. एकदम सगळे स्प्रिंकलर चालवण्याइतकं पाणी मोटर देऊ शकत नाही, म्हणून हिरवळीचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाला एक व्हॉल्व्ह असतो. टायमर त्याला 24 व्होल्टचा सौम्य प्रवाह पाठवतो, आतला रबरी पडदा उचलला जातो आणि पाणी सुटतं. पडद्याखाली वाळूचा कण अडकला, की टायमर बंद होऊनही पाणी चालूच राहतं. अशा वेळी टायमर बदलायचा नसतो, पडदा धुवायचा असतो.

दाबाचं गणितही मामांनीच सांगितलं. पाणी 10 मीटर उंचीवर असेल, तर खाली साधारण 1 किलो दाब मिळतो. एका जागी फवारणाऱ्या स्प्रिंकलरला 2 किलोच्या आसपास दाब लागतो, गोल फिरणाऱ्याला त्याहून जास्त. म्हणून गच्चीवरच्या टाकीच्या भरवशावर हे काम होत नाही. दाब कमी पडला तर पाणी जवळच पडतं. फार वाढला तर त्याचं धुकं होतं आणि वाऱ्यावर जातं.

मग आम्ही हिरवळीवर सरळ कडांचे, एकसारखे स्टीलचे डबे ठेवले आणि पंधरा मिनिटं पाणी सोडलं. पट्टी बुडवून पाहिलं, तर मधल्या डब्यांत 9 मिलिमीटर पाणी आणि पिवळ्या कोपऱ्यात जेमतेम 3. त्या कोपऱ्यातलं नळकांडं वर ओढून नोझल फिरवून काढलं. खाली बोटाच्या पेराएवढी जाळी होती. तिच्यात बारीक वाळू बसलेली आणि नोझलच्या फटीवर बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर. जाळी ब्रशनं धुतली, नोझल व्हिनेगरमध्ये भिजत ठेवलं. पुन्हा डबे मांडले, तेव्हा कोपऱ्यातही पाणी बऱ्यापैकी भरलं.

रस्त्यावर वाहणाऱ्या पाण्याचं कारण मातीत होतं. आमच्याकडची काळी माती पाणी सावकाश पिते. सलग पंधरा मिनिटं सोडलं, तर वरचं पाणी वाहूनच जाणार. आता टायमर पाच मिनिटं चालतो, अर्धा तास थांबतो, पुन्हा पाच मिनिटं. वेळही पहाटेची ठेवली आहे, कारण तेव्हा वारा पडलेला असतो. संध्याकाळी पाणी दिलं तर गवत रात्रभर ओलं राहतं आणि बुरशी धरतं.

एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर 1 लिटर. हजार चौरस फुटांच्या हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला 5 मिलिमीटर धरलं, तरी साडेचारशे लिटरांच्या वर जातं. शहरी पाणीपुरवठ्याचं माप माणशी 135 लिटर धरतात. म्हणजे चौघांच्या घराला दिवसभर लागणाऱ्या पाण्याच्या जवळपास एवढं. हा आकडा पाहिल्यावर मी निम्मी हिरवळ काढून तिथं देशी झाडं लावायचं ठरवलं. उरलेल्या हिरवळीला रोज वरवर शिंपण्याऐवजी दोन-तीन दिवसांआड, पण मुळापर्यंत पोचेल इतकं पाणी देते.

तुमच्या दारातही स्प्रिंकलर असतील, तर फिल्टर दर महिन्याला धुवा, पाइपांची टोकं उघडून वर्षातून दोनदा साचलेला गाळ काढा आणि पाऊस लागला की टायमर बंद करा. पण सगळ्यात आधी डबे मांडून पाणी मोजा. मोजल्याशिवाय कुठं कमी पडतंय आणि कुठं वाया जातंय, ते कळत नाही.